पदवी झाली, लग्न झालं. आता डॉक्टर होता येईल का?

शेतातून नुकत्याच आला असाल, कुणी भाकरी थापत ऐकत असाल. हात चालू द्या, कान इकडे असू द्या.

आजचा विषय तुमच्यातूनच आलाय. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत होते. निवृत्त झाल्यापासून बचत गटांच्या बैठकांना जाते. तिथे बारावीच्या मुलामुलींबद्दल विचारणा होतेच. पण गेल्या दोन वर्षांत वेगळाच प्रश्न येऊ लागलाय, आणि तोही हळू आवाजात, बैठक संपल्यावर, चपला घालता घालता. "मॅडम, सून बीएस्सी आहे. तिला अजून डॉक्टर व्हायचंय म्हणते. होता येतं का असं?" किंवा मुलगीच विचारते. माहेरी पदवी झाली, लग्न झालं, एक लेकरू आहे, आणि मनातून ते गेलेलं नाही.

आधी सरळ उत्तर देते, मग बाकीचं. हो, होता येतं. वयाची वरची अट आज नाही. मात्र पदवी झाली म्हणून अभ्यासक्रम एक दिवसानेही कमी होत नाही. पहिल्या वर्षापासून, अठरा वर्षांच्या पोरींच्या शेजारी बसून, सगळं शिकावं लागतं.

वयाचा किस्सा जरा सांगते, कारण बऱ्याच जणी अजून जुन्या माहितीवर बसल्यात. २०१७ साली 'नीट' परीक्षेला वयाची मर्यादा आली होती. खुल्या वर्गाला २५, राखीव वर्गाला ३०. लोक न्यायालयात गेले, तारखा पडल्या, मधल्या काळात मोठ्या वयाच्या उमेदवारांना परीक्षेला बसू दिलं गेलं. शेवटी मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने वरची मर्यादा काढूनच टाकली. आता अट एकच, प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत. परीक्षा किती वेळा द्यायची यालाही मर्यादा नाही. ओडिशातले जयकिशोर प्रधान बँकेतून निवृत्त झाले आणि २०२० साली, वयाच्या ६४ व्या वर्षी, नीट देऊन बुर्ल्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसला दाखल झाले. वर्तमानपत्रात फोटो आला होता. आता चौसष्टाव्या वर्षी हे करावं असं मी कुणाला सांगणार नाही, पण "सव्विसाव्या वर्षी कसलं शिक्षण" असं घरात कुणी म्हटलं तर हे नाव लक्षात ठेवा.

परदेशात पदवीधरांसाठी वेगळी वाट असते. अमेरिकेत तर आधी पदवी घ्यावीच लागते, मग चार वर्षं वैद्यकीय शिक्षण. इंग्लंडमध्ये बारावीनंतरही जाता येतं, आणि पदवीधरांसाठी चार वर्षांचा वेगळा वर्गही काही ठिकाणी आहे. लंडनच्या सेंट जॉर्जेसने तो २००० साली सुरू केला. आपल्याकडे असा वर्ग नाही. साडेचार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप, मिळून साडेपाच. सरकारी महाविद्यालयातून शिकलात तर पुढे एक वर्ष शासनाची सेवा, तिला लोक 'बाँड' म्हणतात.

तरीही पदवी घेऊन मग डॉक्टर झालेली बाई आपल्या देशाला नवी नाही. कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुली १८८३ साली बीए झाल्या. देशातल्या पहिल्या दोन स्त्री-पदवीधरांपैकी त्या एक. त्याच वर्षी लग्न झालं, आणि नंतर त्या कलकत्ता मेडिकल कॉलेजात शिरल्या. पुढे मुलाबाळांचा संसार घरी ठेवून १८९३ मध्ये आणखी शिकायला एडिंबरोला गेल्या. आपल्याकडच्या आनंदीबाई जोशी तुम्हाला माहीत आहेत, १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी गेल्या. पण मला या बाबतीत जास्त जवळच्या वाटतात त्या डॉ. रखमाबाई. लहानपणी झालेलं लग्न त्यांनी मानलं नाही, नवऱ्याने कोर्टात खेचलं, १८८४ पासून १८८८ पर्यंत तो खटला चालला आणि अख्खी मुंबई त्यावर बोलत होती. त्यातून सुटल्यावर, पंचविशीच्या उंबरठ्यावर, १८८९ मध्ये त्या लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत गेल्या. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांच्या पाठीशी उभं राहून पैसे जमवायला मदत केली. १८९४ साली रखमाबाई डॉक्टर झाल्या आणि पुढची कित्येक वर्षं सुरत आणि राजकोटला बायकांना तपासत राहिल्या. रीतसर शाळाही त्यांच्या वाट्याला फारशी आली नव्हती, बरं का. घरीच वाचून शिकलेल्या.

असो. इतिहास सांगायला लागले की माझी गाडी थांबत नाही. कामाचं बोलू.

पहिली गोष्ट, बारावीला काय होतं? भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी, हे चार विषय बारावीला उत्तीर्ण हवेत. भौतिक, रसायन, जीवशास्त्र या तिघांत मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के आणि अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग यांना ४० टक्के लागतात. नंतर बीएस्सीला ७५ टक्के पडले असले तरी इथे बारावीच बघतात. ज्यांनी बारावीला गणित घेऊन जीवशास्त्र सोडलं होतं त्यांना पूर्वी दार बंद होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयोगाने ते उघडलं. आता मान्यताप्राप्त मंडळाकडून जीवशास्त्र हा जादा विषय म्हणून नंतर उत्तीर्ण झालं तरी चालतं. कला किंवा वाणिज्य शाखेतून पदवी असेल तर मात्र अकरावी-बारावी विज्ञान पुन्हा करण्यावाचून इलाज नाही. ते करू नका असं मी म्हणत नाही, पण वर्षं मोजून मग ठरवा.

दुसरी गोष्ट नीटची. १८० प्रश्न, ७२० गुण, तीन तास. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. निम्मे गुण एकट्या जीवशास्त्राचे. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, अर्ज भरताना तशी निवड करायची. पण अकरावी-बारावीची विज्ञानाची पुस्तकं इंग्रजीत, पुढचं सगळं वैद्यकीय शिक्षण इंग्रजीत, आणि भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात. म्हणून इंग्रजीला भिऊन मराठी निवडायची असेल तर जरा थांबा. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं सरकारच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. माझा अनुभव असा की जीवशास्त्राचं हे पुस्तक ओळ न् ओळ वाचलेली मुलगी महागड्या क्लासच्या गठ्ठ्यांनी दबलेल्या मुलीला मागे टाकते. भौतिकशास्त्राचं तसं नाही. आठ-दहा वर्षं गणिताला हात न लावलेल्या सुनेला तिथे शिकवणारं कुणीतरी लागतंच. बीएस्सी रसायन किंवा प्राणिशास्त्र झालेलीला इथेच ठेच लागते, हे मी बऱ्याच जणींचं पाहिलंय.

आता तिसरी गोष्ट, आणि इथे नीट कान द्या, कारण घरं बुडतात ती इथे.

नीट 'पास' होणं आणि जागा मिळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२५ साली देशभरात २२ लाखांहून जास्त उमेदवारांनी परीक्षा दिली. एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्या साधारण निम्म्याच सरकारी. पात्र ठरण्याची रेष मात्र खूप खाली असते. खुल्या वर्गात परीक्षेला बसलेल्यांतले वरचे निम्मे उमेदवार पात्र ठरतात, राखीव वर्गात त्याहूनही जास्त. म्हणजे बारा लाखांहून जास्त लोक 'पास'. गावात पेढे वाटले जातात. आणि तिसऱ्या दिवशी फोन येतो, "अभिनंदन, तुमच्या सूनबाई क्वालिफाय झाल्या, आमच्याकडे सीट आहे, आजच टोकन भरा."

पारनेर तालुक्यातल्या एका गटातल्या ताईंकडे असाच फोन आला होता. सून प्राणिशास्त्रातली पदवीधर, चार वर्षांचा नातू. पहिल्याच प्रयत्नात पात्र ठरली, पण सरकारी जागेच्या गुणांपासून खूप लांब. फोनवाला म्हणाला, दोन दिवसांत पाच लाख टोकन, बाकीचं नंतर बघू. घरात विहिरीजवळचा दोन एकराचा तुकडा विकायची बोलणी सुरू झाली. ताई माझ्याकडे आल्या तेव्हा इसारपावतीचा कागद पिशवीत होता. मी एवढंच विचारलं, की महाविद्यालयाचं नाव काय? त्यांना माहीत नव्हतं. फोनवाल्याने नावच सांगितलं नव्हतं, "परराज्यात चांगलं कॉलेज आहे" एवढंच. आम्ही दोघींनी त्याला परत फोन लावला, नाव विचारलं, शुल्काचा कागद मागितला. तो म्हणाला, "आधी टोकन, मग कागद." ताईंनी फोन ठेवला आणि पिशवीतला कागद काढून फाडला. तुकडा अजून त्यांच्याच नावावर आहे, यंदा तिथे कांदा आहे.

महाराष्ट्रात प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षाच्या यादीतून होतात, देशपातळीवरच्या जागा केंद्राच्या यादीतून. खासगी महाविद्यालयाची जागासुद्धा याच यादीतून मिळते. यादीबाहेर 'सीट' विकणारा माणूस विकतोय ते हवा विकतोय. शंका आली तर त्याला विचारा, कितव्या फेरीत, कोणत्या कोट्यातून, आणि पैसे कुणाच्या खात्यावर? तिथेच बोलणं संपतं.

पैशाचं आणखी थोडं. आपल्या जिल्ह्यात दोन मोठी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. लोणीचं प्रवरेचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९८४ पासूनचं, ते आता अभिमत विद्यापीठात आहे. विळद घाटातलं डॉ. विठ्ठलराव विखे पाटील फाउंडेशनचं खासगी, पण नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न. हा फरक कागदी वाटतो, पण मोलाचा आहे. २०२४ च्या जुलैमध्ये राज्य शासनाने निर्णय घेतला की इतर मागासवर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरेल. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या योजना आधीपासून आहेत. पण ही सवलत शासनाच्या प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या जागेला आहे. अभिमत विद्यापीठाला नाही, व्यवस्थापन कोट्याला नाही. तेव्हा "मुलींना सगळं फुकट झालंय" असं पारावर ऐकून अर्ज भरू नका. कोणतं महाविद्यालय, कोणता कोटा, हे आधी बघा.

सरकारी म्हणाल तर आजवर आपल्या मुली पुणे, बारामती, छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई अशा जातात. मे २०२५ मध्ये चौंडीला, अहिल्यादेवींच्या गावी, मंत्रिमंडळाची बैठक झाली तेव्हा आपल्या जिल्ह्यासाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला मंजुरी मिळाली. मंजुरी आणि वर्ग भरणं यांत अंतर असतं, हे आपल्याला धरणांवरून ठाऊक आहेच. पण होईल तेव्हा घरापासून एसटीने जाता येईल अशी जागा होईल, आणि लेकरू असलेल्या बाईला ते अंतर फार मोठं असतं.

शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत असेल तर बँक सहसा जमिनीचं तारण मागत नाही. ते घ्या. परीक्षेचं शुल्क, पुस्तकं यांसाठी गटातून अंतर्गत कर्ज घेतलं तर वाईट नाही. २०२५ साली खुल्या वर्गाला नीटचं शुल्क १,७०० रुपये होतं, अनुसूचित जाती-जमातींना १,०००. पण लाखांच्या क्लासला गटाचा पैसा लावू नका. गटाचा पैसा दहा जणींच्या अडीनडीचा असतो.

परदेशात जाऊन शिकण्याबद्दलही विचारतात. तिथेही नीट पात्रता लागतेच. २०२१ च्या नियमांप्रमाणे अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, शिकवणं इंग्रजीत, आणि त्याच संस्थेत वर्षभर इंटर्नशिप, असं सगळं असेल तरच इथे परत आल्यावर परीक्षा देऊन काम करता येतं. त्या परीक्षेत बरेच जण अडकतात. लेकरू इथे आणि आई साडेपाच वर्षं बर्फात, हा सौदा मला पटत नाही. माझं मत आहे, तुमचं वेगळं असू शकेल.

आता घराचं बोलू. हे कोणत्याही माहितीपुस्तिकेत नसतं.

एमबीबीएसला हजेरीचा नियम कडक आहे. तासांना ७५ टक्के, प्रात्यक्षिकांना ८० टक्के. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन. सकाळी मृतदेहाच्या टेबलाशी उभं राहायचं, दुपारी प्रयोगशाळा, रात्री पाठांतर. पहिलं वर्ष चार प्रयत्नांत सुटलं नाही तर नाव कमी होतं आणि सगळं मिळून नऊ वर्षांत पूर्ण करावं लागतं. वसतिगृहात लेकरू ठेवता येत नाही. म्हणजे लेकरू आजीकडे ठेवायचं, नाहीतर महाविद्यालयाजवळ खोली घेऊन आजीनेच तिकडे राहायचं. तेव्हा सून डॉक्टर होणार की नाही, हे अर्ध्याहून जास्त सासूबाई ठरवतात. इथे ऐकणाऱ्या सासूबाई आहेत, म्हणून मुद्दाम बोलते.

एका घरात मी हे बोलणं ऐकलंय. धाकट्या दीराला लातूरला ठेवलं होतं. पहिल्या वर्षी झालं नाही, दुसऱ्या वर्षी झालं नाही, तिसऱ्या वर्षी पुन्हा पाठवलं. कुणी काही बोललं नाही, "पोराने मन लावलंय" म्हणाले. त्याच घरात सुनेने एक वर्ष मागितलं, घरी राहून, शेजारच्या गावातल्या मास्तरांकडे भौतिकशास्त्र शिकून. तर घरात चार दिवस जेवणं गप्प झाली. सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांचा प्रश्न खरा होता: "ती सकाळी पुस्तक घेऊन बसली तर धारा कोण काढणार? माझे गुडघे गेलेत." मी त्यांना दोष देऊ शकले नाही. पण त्या घरातल्या दोन्ही पुरुषांना धार काढता येत होती, हेही मी तिथेच म्हणाले. त्यावर सासरे हसले आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळची धार त्यांनी धरली. संध्याकाळची सुनेकडेच राहिली. तेवढ्यावर तिला रोज पहाटेचे अडीच तास मिळाले. त्या अडीच तासांत काय होईल ते मे महिन्यात कळेल.

एक गोष्ट घरात आधीच बोलून ठेवा, प्रयत्न किती? मी दोन सांगते. दोन प्रयत्नांत सरकारी जागेच्या जवळपास गुण गेले नाहीत तर वाट बदलायची, आणि ती बदलताना कुणी टोमणा मारायचा नाही. हे आधी ठरलेलं नसेल तर तिसऱ्या वर्षी त्या मुलीचं घरातलं जिणं अवघड होतं.

आणि वाटा आहेत. बीएएमएसलाही नीटच लागते, तोही साडेपाच वर्षांचा, पण गुणांची रेष खाली असते. नगरला गंगाधरशास्त्री गुणे आयुर्वेद महाविद्यालय आपल्याच अंगणात आहे. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. गावच्या उपकेंद्रात, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिथे बसणारी समुदाय आरोग्य अधिकारी बहुतेक वेळा बीएएमएस किंवा नर्सिंग झालेलीच असते. लोक तिलाही 'डॉक्टर मॅडम'च म्हणतात, आणि गावातल्या बाळंतिणीचं नाव तिला मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांआधी माहीत असतं. ज्यांना पैसा आणि पाटी हवी त्यांना ही वाट कमी वाटेल. ज्यांना काम हवंय त्यांनी तिच्याकडे खालच्या नजरेने बघू नये.

हे मी आपल्या जिल्ह्यात बसून बोलतेय म्हणून जामखेडचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. डॉ. रजनीकांत आरोळे याच जिल्ह्यातले. ते आणि डॉ. मेबल आरोळे, दोघं वेल्लोरला डॉक्टर झाले, नेवासे तालुक्यात वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केलं, मग अमेरिकेत गेले. तिथे डॉक्टरकी चालू असताना त्यांच्या लक्षात आलं की गावं बरी करायची तर आपल्याला अजून शिकायला हवं. म्हणून पस्तिशीच्या घरात पुन्हा विद्यार्थी होऊन त्यांनी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला आणि १९७० साली जामखेडला आले. दुष्काळी मुलूख, रस्ते नाहीत. शिकलेल्या नर्सबाई गावात मुक्कामाला राहायला तयार होईनात. तेव्हा त्यांनी गावाला सांगितलं, तुमच्यातलीच एक बाई निवडून द्या. आल्या त्या बहुतेक अक्षर न ओळखणाऱ्या, बऱ्याच दलित वस्तीतल्या, काही टाकलेल्या, काही विधवा. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, शिकत, आणि परत गावात जाऊन लगेच ते करत. जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखर-पाणी कसं द्यायचं, बाळंतपण स्वच्छ कसं करायचं, अंगावरचा बधिर चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो हे कसं ओळखायचं. पुढे त्यांच्याकडून शिकायला परदेशातले डॉक्टर येऊ लागले. १९७९ मध्ये आरोळे पती-पत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ साली गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये.

त्या गावच्या आरोग्यसेविका कुठल्याच वर्गाला 'पात्र' नव्हत्या. लग्न झालेल्या, पोरंबाळं असलेल्या, वय झालेल्या. आणि त्या शिकल्या, कारण त्यांना रोज लागणारंच शिकवलं गेलं आणि शिकवणाऱ्यांनी त्यांना खालचं मानलं नाही. बाबा आमट्यांचंही आठवतं. वकिलीची पदवी, चांगली चाललेली वकिली, आणि कुष्ठरोग्यांमध्ये काम करायचं ठरल्यावर ते कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम शिकून आले. एमबीबीएस झाले नाहीत, तरी जे काम धरलं त्याला जेवढं वैद्यक लागतं तेवढं शिकले. हे मी सुनांना मुद्दाम विचारते, तुला डॉक्टरची पदवी हवीय की ते काम? दोन्हींचं उत्तर 'हो' असू शकतं. पण उत्तर माहीत असलेलं बरं.

ज्यांचं ठरलंय त्यांनी या आठवड्यात पेटीतले कागद काढा. लग्नानंतर नाव बदललेलं असतं आणि बारावीची गुणपत्रिका माहेरच्या नावाची असते, इथेच अर्ज अडकतात. दहावी-बारावीच्या नावानेच अर्ज भरणं सोपं जातं. आधार वेगळ्या नावाचं असेल तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आणि राजपत्रातला नावबदल जवळ ठेवा. जातीचा दाखला आणि वैधता वडिलांकडूनची लागते, सासरची चालत नाही. म्हणून माहेरी आज फोन करा, वैधतेला महिने लागतात. नॉन-क्रीमीलेअरचं कुणाच्या उत्पन्नावरून निघेल ते तहसीलला विचारून घ्या. पदवीनंतरच्या मोकळ्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. अधिवासाचा दाखला लागतो. आणि ज्यांची दहावी किंवा बारावी परराज्यात झालीय, सुरतला किंवा हैदराबादला, त्यांनी राज्याच्या कोट्याचे नियम आधी वाचा, कारण दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून झालेल्या असाव्यात अशी तिथे अट असते.

आणखी एक, वयाचं. शिकायला मर्यादा नाही, पण सरकारी नोकरीला आहे. आज सव्वीस असेल तर तयारीचं एक, शिक्षणाची साडेपाच, बाँडचं एक, म्हणजे चौतिसाव्या वर्षी हातात सगळं. चालतं. आज पस्तीस असेल तर सरकारी नोकरीचा विचार बाजूला ठेवून, स्वतःच्या दवाखान्याचा किंवा खासगी रुग्णालयाचा हिशोब मांडा.

नीट बहुतेक मे महिन्याच्या पहिल्या रविवारी असते आणि अर्ज त्याआधी काही महिने सुटतात. अर्ज सेतूवाल्याकडून भरून घेतलात तरी मोबाइल नंबर आणि पासवर्ड स्वतःचा ठेवा, त्याचा नाही. पुढच्या सगळ्या सूचना त्या नंबरवर येतात. आणि पुढच्या गटाच्या बैठकीला ज्यांना हे विचारायचंय त्यांनी चपला घालायच्या आधी, सगळ्यांसमोर विचारा. मी येतेच आहे.